पदराखालचा हिरवा दिवा

"बाईनू, तुमच्या पदराखाली दिवो पेटता," सायकलवरचा पदेर म्हणाला आणि चंद्रावतीचा हात गळ्याशी गेला. डिचोलीच्या बाजारात संध्याकाळी पाच-साडेपाचला जी गर्दी असते तिच्यात, पाववाल्याच्या सायकलीशी ती उभी होती. एका हातात चार उंडे पाव, खांद्यावर शाळेची पिशवी आणि मनात घरी नारळ आहे की संपला एवढाच विचार. पदराखाली बोटांना आधी मंगळसूत्र लागलं, मग त्यात गुरफटलेली काळी दोरी लागली आणि दोरीच्या टोकाला ती काडेपेटीएवढी वस्तू. अंगाच्या उबेनं कोमट झालेली. पातळ पदरातून तिचा हिरवा ठिपका दिसत होता. पदेर हसत होता. त्याला वाटलं असेल, बाईंनी नव्या तऱ्हेचा मोबाइल घेतला. "इस्कोलाचो," ती म्हणाली, "काडूंक इसरलंय," आणि चालायला लागली. दहा पावलांवर तिचे पाय थांबले. मधल्या सुटीत ती नळावर गेली होती. पाव-भाजीवाल्या शांताशी बोलली होती. तेव्हा ही वस्तू कुठे होती? कुठे असणार, इथेच होती. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा ती बाजूला झाली, आणि भाजीवालीला वाटलं बाई आपल्याकडेच आल्या, म्हणून तिनं वालीची जुडी पुढे केली.

ती वस्तू म्हणजे माइक. मुळगावातल्या ज्या मराठी प्राथमिक शाळेत चंद्रावती पहिलीपासून त्याच वर्गाबरोबर वर सरकत आता चौथीला शिकवायची, तिथे जूनमध्ये कुठल्याशा योजनेतून एक निळी पेटी आली होती आणि पेटीबरोबर कमल आली होती. कमल ही फिरती शिक्षिका. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटरवरून यायची. या शाळेत असं मूल एकच, सुमंगला. पेटीत दोन वस्तू होत्या. एक सुमंगलाच्या कानामागच्या यंत्राला जोडायचा मण्याएवढा तुकडा, दुसरा शिकवणाऱ्याच्या गळ्यातला माइक. बाई फळ्याकडे तोंड करोत, वर्गाच्या मागच्या टोकाला जावोत, बाहेरून खनिजाचे ट्रक धडधडत जावोत, बाईंचा आवाज थेट सुमंगलाच्या कानात. भिंत आड आली तरी हरकत नाही. "म्हणून सांगते," कमल सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाली होती, "वर्गाबाहेर पडताना आठवणीनं बंद करा. नाहीतर चहा पिताना तुम्ही कुणाच्या चहाड्या करता ते हिला सगळं कळेल." दत्ताराम हेडमास्तर पोट धरून हसले होते. मग कमलनं बटणं दाखवली होती आणि चंद्रावती त्या वेळी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसली होती. बत्तीस वर्षं शिकवल्यावर कालच्या पोरीकडून बोलायचं कसं ते शिकायचं, हे तिच्या नाकाला झोंबलं होतं. परिणामी माइक बंद कसा होतो हे तिला आजतागायत ठाऊक नव्हतं. सकाळी सुमंगला तो चालू करूनच हातात द्यायची, सुटीत बाई तो गळ्यातून काढून मेजावर ठेवायच्या, आणि शाळा सुटली की सुमंगला तो पंच्यात गुंडाळून घरी न्यायची, रात्रभर वीज पाजायला.

आणि गळ्यात तरी पदराखाली का? त्याचंही एक कारण होतं, आणि ते आठवून तिला भर बाजारात पुन्हा लाज वाटली. गणपतीच्या सुटीआधी पालकांची सभा झाली, तेव्हा पाळीहून आलेल्या कुणाच्या तरी आजीनं तिच्या गळ्यातला माइक न्याहाळून अगदी मायेनं विचारलं होतं, "बाईक आयकाक येणा नाय काय? कधीपासून?" सगळे हसले. कमल सगळ्यांत जास्त हसली. तेव्हापासून चंद्रावतीनं माइक पदराआड केला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण झाकलेल्या वस्तूचा विसर पडतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

घर बाजारापासून चालत सात मिनिटांवर. त्या सात मिनिटांत तिनं नळ ते वर्गाची खिडकी हे अंतर चार वेळा मोजलं. वीस पावलं. फार तर पंचवीस. सुटीत सुमंगला कानातलं काढून ठेवते, धावताना पडतं म्हणून. रोज काढते का? आज काढलं होतं का? आज ती धावतच नव्हती, व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, पाव-भाजीची ताटली मांडीवर घेऊन. केस कानावर होते की मागे? चंद्रावतीला त्या मुलीच्या भुवईवरचा तीळ आठवत होता, डाव्या वेणीची सुटलेली फीत आठवत होती, आणि कान काही केल्या आठवत नव्हता.

एक काळ असा होता की त्या कानाचं काही कामच नव्हतं. सुमंगला पहिलीत आली ती बापाच्या कडेवरून. बाप गोपाळ, दोडामार्गकडचा. खाणीवर ट्रक चालवायला आला आणि मुळगावात खोली घेऊन राहिला. मुलीला दोन वर्षांची असताना ताप आला आणि तापाबरोबर बरंचसं ऐकणं गेलं. कुणीतरी दिलेलं एक स्वस्त यंत्र तिच्या कानात होतं. त्यातून सगळे आवाज मोठे होऊन यायचे, पंख्याचा, बाकाचा, बाहेरच्या ट्रकचा, आणि त्या गदारोळात माणसाचा शब्द सापडायचा नाही. हेडमास्तर म्हणाले होते, बसू दे कोपऱ्यात, हजेरी तरी लागेल. चंद्रावतीनं तिला कोपऱ्यातून उचलून पहिल्या बाकावर बसवलं. कुणी शिकवलं नव्हतं, पुस्तकात वाचलं नव्हतं, एके दिवशी तिनं त्या मुलीचा तळवा धरून स्वतःच्या घशावर ठेवला आणि म्हटलं, "ग." मुलीचे डोळे मोठे झाले. मग नाकावर बोट ठेवायला लावून "म". तोंडासमोर कागदाचा कपटा धरून "प". कपटा उडाला तर "प" बरोबर. स्वतःचं नाव म्हणायला सुमंगलाला पाच महिने लागले. त्यातलं "मं" नाकात शिरेना. शेवटी शिरलं तेव्हा चंद्रावती एकटीच मधल्या सुटीत वर्गाचं दार लावून रडली होती. तीन वर्षं तो लहानसा, पावाच्या तुकड्यांचा वास येणारा तळवा रोज तिच्या घशावर होता, नेमका जिथे आता माइक असतो तिथे.

आणि ते डोळे. हे ती कुणाला सांगू शकली नसती, नवऱ्याला तर नाहीच. नवरा नारायण वास्कोला गोदीत नोकरी करून निवृत्त झालेला. सत्तावीस वर्षं फक्त शनिवारी घरी येणारा माणूस, आणि आता सातही दिवस घरी असून टीव्हीकडे तोंड करून बोलणारा. मूलबाळ झालं नाही. शाळेतली मुलं तिचं ऐकायची, पण ऐकताना खिडकीबाहेर बघायची, पेन्सिल चावायची, शेजाऱ्याला चिमटे काढायची. ऐकायला डोळे लागत नाहीत ना. सुमंगलाला लागायचे. चंद्रावतीच्या ओठांवरून तिची नजर सेकंदभरही ढळायची नाही. ढळली तर शब्द गेला. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या तोंडाकडे इतक्या भुकेनं या जगात दुसरं कोण बघत होतं? त्या नजरेखातर ती सकाळी केस नीट विंचरायची, पावडर लावायची, शब्द सुबक उच्चारायची. घरी आली तरी ओठ तसेच सावकाश हलायचे आणि नारायण म्हणायचा, "माका काय भैरो समाजलंस?"

तेव्हा मत्सर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला होता. मालती, सुमंगलाची आई, दुसरीच्या वर्षी एकदा शाळेत आली. दाराशीच उभी राहिली, चप्पल काढावी की न काढावी अशी. "बाईनू," ती म्हणाली, "घरा इली तरी ह्यां चेडू माज्या तोंडाकडे बघणा नाय. बाई अशी म्हणता, बाई तशी म्हणता. परवा मी म्हटलंय, माज्या गळ्याक हात लाव, मी पण शिकयतंय. लावलान आणि हसाक लागलां. म्हणता, तुजो गळो बोलणा नाय." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. चंद्रावतीनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, समजूत घातली: लहान आहे हो ती, आई ती आईच. आणि ती गेल्यावर फळा पुसताना चंद्रावती गुणगुणत होती. तो दिवस तिला आज लख्ख आठवला. समजूत घालताना आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या, हेही आठवलं. त्या बाईचं पोट जळत होतं आणि आपण त्यावर हात शेकले.

मग ती पेटी आली. पहिल्या दिवशी कमल सुमंगलाच्या पाठीमागे, वर्गाच्या पार शेवटच्या भिंतीला जाऊन उभी राहिली, माइकवर हळू म्हणाली, "सुमंगला, तुझी वेणी कुणी घातली?" आणि सुमंगला मागे न वळता, समोर भिंतीकडे बघत म्हणाली, "आयेन." सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. चंद्रावतीनंही वाजवल्या. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते कुणाकडेही बघून नव्हतं, हे तिनं पाहिलं. मुलगी मागे वळली नाही. वळायची गरज उरली नाही. त्यानंतरचे चार महिने चंद्रावतीनं एका गोष्टीची नोंद ठेवली, म्हणजे कागदावर नाही, मनात: आज किती वेळा तिनं माझ्याकडे बघितलं. जूनमध्ये पुष्कळदा. ऑगस्टमध्ये तासातून पाच-सहा वेळा. परवा, इतिहासाच्या तासाला, एकदाही नाही. मान खाली घालून, शेजारणीच्या वहीत फूल काढत, सगळी उत्तरं बरोबर. इतर मुलांसारखीच. अगदी इतर मुलांसारखीच. याच दिवसासाठी तीन वर्षं घसा फोडला ना? मग पोटात का दुखतंय? चंद्रावती स्वतःला हे विचारायची आणि उत्तर ठाऊक असूनही द्यायची नाही. मंगळवारी-शुक्रवारी कमलची स्कूटर फाटकात वाजली की सुमंगला, जिला पूर्वी ट्रकसुद्धा धड कळायचा नाही, ती सगळ्यांत आधी उठायची. "टीचर आली." तिच्या तोंडचं ते "टी" इतकं स्वच्छ की चंद्रावतीला वाटायचं, ही अक्षरं हिच्या जिभेवर मी ठेवली आणि नावं कुणाची निघतायत.

आज बुधवार. सकाळी सुमंगलानं वहीचा शेवटचा कागद दाखवला होता. त्यावर कमलचं चित्र, स्कूटरसकट, आणि खाली "माझी आवडती टीचर". अक्षर चंद्रावतीनंच वळवून दिलेलं, मोत्यासारखं. "छान," ती म्हणाली होती. मग सुटीत नळावर तोंडावर पाणी मारलं, आणि तिथे ताटल्या विसळत होती शांता, पाव-भाजी घेऊन येणारी. शांता सहज म्हणाली, "बाईनू, तां गोपाळाचां चेडू आतां कसां फडफड उलयता गो. बरां झालां." आणि चंद्रावतीच्या तोंडून निघून गेलं. आता घराच्या पायरीशी उभी राहून तिनं ते वाक्य पुन्हा जसंच्या तसं ऐकलं, जणू कानात यंत्र तिच्याच होतं. "भैरी होती तेवाच बरी होती गो. तेवा निदान माजी होती." शांताचा हात ताटलीत थांबला होता. "असां बोलूंक नये, बाईनू," ती हळूच म्हणाली होती. "देवान कान दिल्यान तिका." त्यावर चंद्रावती आणखी काहीतरी म्हणाली होती. देवानं कुठले, त्या स्कूटरवालीनं दिले, असं काहीसं.

दुपारी सुमंगला मान वर न करता बसली होती. चंद्रावतीला वाटलं, शुक्रवारची वाट बघतेय. शाळा सुटल्यावर सगळी मुलं गेली तरी ती मेजापाशी उभीच होती, दप्तर पाठीवर, आणि चंद्रावतीकडे बघत होती. सरळ, मान वर करून, तोंडाच्या आसपास कुठेतरी. कितीतरी आठवड्यांनी. चंद्रावतीचा जीव सुपाएवढा झाला होता. तिनं ओठ सावकाश हलवत म्हटलं होतं, "जा गो घरी, आई वाट बघते," आणि मुलगी तरीही क्षणभर थांबली, काही बोलणार असं वाटलं, आणि मग गेली. बसमध्ये चंद्रावती त्याच नजरेवर खूश होत आली होती. आता तिच्या लक्षात आलं. मुलगी तोंडाकडे बघत नव्हती. थोडं खाली बघत होती, पदरातून दिसणाऱ्या हिरव्या ठिपक्याकडे. मागायला आली होती आणि न मागता गेली.

"इतको उशीर?" नारायणानं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.  मोरीत जाऊन तिनं मंगळसूत्रातून दोरी सोडवली. सोडवताना एक काळा मणी तुटला आणि घरंगळत गेला. समोर पाण्यानं भरलेली बाल्दी होती. पाणी हा याचा वैरी, असं कमल म्हणाली होती. तेवढं नेमकं तिनं ऐकलं होतं. हातातून निसटला, पडला, वय झालं हो माझं. कोण काय म्हणणार? नवीन मागवायचा तर अर्ज, सह्या, पणजीच्या फेऱ्या. हे वर्ष निघून जाईल. हे वर्ष, म्हणजे चौथी. पाचवीला सुमंगला डिचोलीच्या मोठ्या शाळेत जाणार होती. हे एकच वर्ष हातात होतं, आणि ते पुन्हा पहिल्या बाकावर, तळवा घशावर, डोळे ओठांवर, असं परत मिळत होतं. दोरी तिनं दोन बोटांत धरली. माइक पाण्यावर लोंबत होता आणि बाल्दीत त्याचा ठिपका हिरवा हलत होता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी हात भरून आला म्हणून तिनं तो बाजूला घेतला. सद्बुद्धी सुचली वगैरे काही नाही. तिला वाटलं, उद्या पुन्हा बघू. माइक तिनं पिशवीत टाकला, बटण सापडलं नाही म्हणून तसाच चालू, आणि नारळ फोडायला गेली.

सकाळी पिशवीत हात घातला तर दिवा विझलेला. रात्रभर कुणीही न ऐकणाऱ्या पिशवीत तो जळला आणि संपला. बसमध्ये तिला जरा हलकंच वाटत होतं. न करताच झालं. पाप ना पुण्य. वर्गात सुमंगला दाराशीच हात पुढे करून उभी होती. चंद्रावतीनं माइक तिच्या हातावर ठेवला. मुलीनं बटण दाबून पाहिलं, दोनदा, मग दप्तरातून वायर काढली आणि हेडमास्तरांच्या खोलीत निघून गेली, जिथे शाळेतला एकमेव चालणारा प्लग होता. परत आली ती आपल्या जागी, तिसऱ्या बाकावर. "पुढे ये," चंद्रावती म्हणाली, ओठ नीट हलवत, हातानं खुणावत. "आज माइक नाही ना. इथे बस माझ्यासमोर." सुमंगला उठली, दप्तर घेऊन पहिल्या बाकावर आली, बसली. शहाण्या मुलीसारखी. चंद्रावतीनं धडा उघडला. तिनं तोंडाला पावडर लावली होती. एकेक शब्द ती फोडून, गोंजारून म्हणत होती, चाळीस मुलांसाठी नव्हे, एकीसाठी. आणि सुमंगला बाकावरच्या लाकडाच्या रेषेकडे बघत होती. आता बघेल, पुढच्या वाक्याला बघेल, प्रश्न विचारला की बघेल. प्रश्न विचारला. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा सुमंगला उठून उभी राहिली आणि उत्तर येत नाही अशी मान हलवून खाली बसली. तिला धडा हवा असता तर तो समोर होता, हातभर अंतरावर, बाईंच्या ओठांवर. तिनं तो घेतला नाही. सुटीपर्यंत पूर्ण दोन तास ती मुलगी काहीही न ऐकता बसून राहिली.

सुटी संपल्याची घंटा व्हायच्या आधी सुमंगला आली. वर्गात दुसरं कोणी नव्हतं. हातात माइक, दिवा हिरवा. चंद्रावतीनं हात पुढे केला, पण मुलीनं तो हातात दिला नाही. टाचा उंचावून दोरी तिच्या गळ्यात घातली, आणि माइक पदराच्या वर ओढून घेतला, सगळ्यांना दिसेल असा. पावाचा वास आला. तिचे केस मागे घट्ट बांधलेले होते आणि कानामागे ते निळं यंत्र, मण्यासकट, स्पष्ट दिसत होतं. मग तिनं चंद्रावतीचं बोट धरलं, जसं कधीकाळी चंद्रावतीनं तिचा तळवा धरला होता, आणि माइकच्या कडेच्या एका लहानशा बटणावर नेऊन ठेवलं. दाबलं. हिरवा दिवा लाल झाला. पुन्हा दाबलं, हिरवा.

"असां," ती म्हणाली. शब्द जाडसर पण प्रत्येक अक्षर जागच्या जागी, आणि "म" नाकातून बरोबर येणाऱ्या आवाजात. "नळार जातास तेवा ह्यां दाबा, बाई. मगे माका आयकाक येणा नाय."

 चुकले गो मी, एवढं चंद्रावतीला म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर तेही माइकमधूनच गेलं असतं. तिचं बोट अजून बटणावर होतं. तिनं ते दाबलं, दिवा लाल केला, आणि ओठ सावकाश, अगदी सावकाश हलवून, आवाज न काढता म्हणाली. मुलीला वाचता यावं म्हणून. पण सुमंगला तोवर वळली होती. ती तिसऱ्या बाकाकडे चालली होती आणि बाहेरून मुलं धक्काबुक्की करत आत येत होती.

सगळे बसले. चंद्रावतीनं बटण दाबून दिवा हिरवा केला, फळ्याकडे तोंड केलं आणि सकाळचाच धडा पहिल्यापासून सुरू केला. मध्येच तिनं मागे वळून पाहिलं. सुमंगला मान खाली घालून वहीत लिहीत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.